दादर पाठवली, हंगाम पाठवला नाही

प्रथम दिवस आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे वाचकाला त्या पुढे शोधाव्या लागणार नाहीत.

गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आधीचा महिना: परदेशी मदतीसाठी ‘ज्वारी, बियाणे, उत्तम प्रतीचे’ एवढ्याच शब्दांत मागणी नोंदवली गेली. जबाबदार: दिल्लीतील खरेदी कार्यालय.

संक्रांतीनंतरचा पहिला शुक्रवार: बियाणे उगवते, असे प्रमाणपत्र झाले. ते कोणत्या हंगामात उगवून पिकते, हा रकाना त्यात नव्हता. जबाबदार: सही करणारे अधिकारी.

त्यापुढचा बुधवार: गोण्यांवर ‘भारतीय जनतेकडून भेट’ असे इंग्रजीत छापले गेले, दुसरे काहीही छापले गेले नाही. जबाबदार: धुळ्याच्या गोदामाचे व्यवस्थापक.

त्याच बुधवारची संध्याकाळ: सोबतचे पत्र तयार झाले. जबाबदार: हे नाव मी प्रवासाला निघताना लिहिलेले नव्हते. ते मी धुळ्यात लिहिले आणि वाचकालाही तिथेच मिळेल.

मी सारी नोकरी जळगावच्या न्यायालयात केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. आता शहरातल्याच मेहरूणला राहतो आणि पत्रे लिहितो. सार्वजनिक नळ, बंद पथदिवे, चुकीची नावे लावलेले रस्ते यांविषयीच्या माझ्या पत्रांची पोच क्वचित येते आणि उत्तर त्याहून क्वचित. पुढील मजकूर मात्र पत्र नव्हे, तो चार दिवसांच्या प्रवासाचा वृत्तान्त आहे. प्रवास जळगाव ते पिंपळनेर एवढाच झाला. ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी तो लिहितो. आणि ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांच्यासाठी अधिक.

मेहरूण, रविवार

पूर्व आफ्रिकेतील एका देशाच्या कृषी खात्यातील ग्रेसबाई जळगावात प्रशिक्षणासाठी आल्या होत्या. देशाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण चूक त्या देशाची नाही. वय पन्नाशीच्या पुढचे, केस बारीक कापलेले, चाल शेतावरून चालणाऱ्या माणसाची. येथील ज्या शेतकरी संस्थेचे इंग्रजी कागद मी पाहतो, त्या संस्थेने त्यांना गाव दाखवण्याचे काम माझ्याकडे दिले. त्या इंग्रजी बोलत; पुढे त्यांच्या तोंडी जे मराठी आले आहे, ते माझे भाषांतर.

संध्याकाळी मेहरूणच्या तलावाच्या काठावर बसलो असता त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी काढले. ते ज्वारीचे कणीस होते. दाणे काळे, भुसभुशीत. बोट लावले तर पूड होणारे.

“हे तुमच्या भेटीतून आलेलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पावसाला पेरलं. माणसाच्या दीडपट उंच झालं. कणसं भरली, पाऊस थांबला नाही, अर्धं आडवं झालं आणि उरलेलं असं झालं.”

मी विचारले, की बियाणे खराब निघाले असे त्यांचे म्हणणे आहे का.

“माझं काही म्हणणं नाही. माझ्या लोकांचं आहे. दोन वर्षं दुष्काळ होता. त्यांनी आपलं तांबडं बियाणं राखून ठेवलेलं होतं. भारताचं बियाणं येतंय, हे मी सांगितलं; म्हणून त्यांनी राखलेलं दळून मुलांना खाऊ घातलं. आता घरात बी नाही आणि माझ्या हातून कोणी बी घेत नाही. म्हणतात, या बाईनं मेलेलं बियाणं आणलं. मला एक कागद हवा. ते बियाणं मेलेलं होतं की नव्हतं, एवढंच लिहिलेला. आणि दुसरी खेप येते आहे असं ऐकते.”

दुसरी खेप खरोखर येत होती. येत्या गुरुवारीच धुळ्याहून ट्रक निघणार होते.

मला संताप आला. संताप आला की मी वही घेतो. त्या संध्याकाळी मी पहिली तीन नावे लिहिली आणि गाडी ठरवली.

एरंडोलच्या पुढे, सोमवार

गाडी युनूसभाईंची. ते माझ्याच वयाचे असून रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्याला नावाने ओळखतात. एरंडोल ओलांडल्यावर एका फाट्याने आत वळलो. तिथे माझ्या आजोळच्या नात्यातले दगडूनाना राहतात. मदतीत गेलेल्या बियाण्यातला काही भाग त्यांच्या शेतातला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

माघ चालू होता. नानांच्या रानात दादर उभी होती. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली रब्बीची ज्वारी. दाणा मोत्यासारखा पांढरा, भाकर गोड. जमीन काळी आणि इतकी भेगाळलेली, की ग्रेसबाईंचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यांनी चहूकडे पाहिले. पाट नाही, विहीर दूर, आकाशात ढग नाही.

“पाणी कुठून देता?” त्यांनी विचारले. मी भाषांतर केले.

“पानी नही, अक्का. ओल शे,” नाना आमच्या खानदेशी बोलीत म्हणाले: पाणी नव्हे, ओल आहे. त्यांनी भेगेत हात घातला आणि कोपरभर खोलीवरून मातीचा ओलसर गोळा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“कधी पेरता?”

“पानी सरनं का मंग. दसराना मांगेपुढे.”

पाऊस संपला की मग. मी हे इंग्रजीत सांगितले. ग्रेसबाई बांधावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी ते काळे कणीस काढून नानांपुढे धरले. नानांनी ते उलटेसुलटे केले, दांडा हुंगला, गाभ्यातला एक न चुरडलेला दाणा नखाने काढला.

“हाई दादर शे. मनीच शे,” ते म्हणाले; म्हणजे त्यांच्याच शेतातली. मग हसले. “पानीमा पेरी का काय? दादर पानीमा कोन पेरस?”

मी विचारले, “नाना, ही पावसात पेरायची नाही, हे गोण्या देताना तुम्ही कोणाला सांगितलं होतं का?”

“माले कोनी इचारं? गोनी मोजी, हार घाला, फोटू काढा, गाडी गयी. आनि भाऊ, इतलं सांगाले कसाले पाह्यजे? बठ्ठासले माहीत शे.”

“बठ्ठासले म्हणजे कोणाला?” माझ्या भाषांतरातला तो एक शब्द नेमका पकडून ग्रेसबाईंनी मला विचारले.

मी म्हणालो, “एरंडोलपासून धुळ्यापर्यंत सर्वांना.”

नानांचे हसणे थांबले. त्यांना तोपर्यंत तांबड्या बियाण्याची हकीकत ठाऊक नव्हती. ती मी सांगितली. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ ती परत घातली नाही. “बी दळी खाई गयात,” ते दोनदा म्हणाले. बी दळून खाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला भाषांतराशिवाय कळते.

दुपारी ओट्यावर जेवलो. दादरची भाकर, हिरव्या मिरचीचे वांग्याचे भरीत, कांद्याची पात. ग्रेसबाईंच्या देशात ज्वारीच्या पिठाचा घट्ट घाटा करून हाताने गोळा मोडून खातात. भाकर थापतात हे त्यांना नवीन होते. नानांच्या सूनबाईंनी त्यांना परातीपाशी बसवले. पहिली भाकर तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे झाले.

“राहू द्या अक्का, आमच्याकडे नव्या नवरीचीही अशीच होते,” सूनबाई म्हणाल्या. ते तुकडेच ग्रेसबाईंनी भरिताबरोबर खाल्ले. डोळ्यांत पाणी माझ्या आले, त्यांच्या नाही.

“आमच्याकडे लोकांनी हे दाणे प्रथम पाहिले तेव्हा म्हणाले, हे लग्नाच्या घरचं धान्य,” त्या म्हणाल्या. “पेरायलाही जिवावर आलं होतं त्यांच्या.”

निघण्याच्या गडबडीत माझा चष्मा नानांच्या खाटेवर राहिला. पारोळ्याला चाक पंक्चर झाले, तेव्हा पावती वाचायला खिशात हात घातला आणि हे ध्यानात आले. युनूसभाई म्हणाले, “भाऊ, मागे फिरलो तर धुळ्याला अंधार पडेल. दोन दिवस जग धूसर पाहा, तब्येतीला बरं असतं.” आम्ही पुढे गेलो.

धुळे, मंगळवार

गोदाम हमरस्त्यालगत आहे. आत गोण्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या. प्रत्येक गोणीवर तेच इंग्रजी वाक्य. चष्म्याविना मला ते निळ्या रेघेसारखे दिसले, परंतु ते मला पाठ होते. व्यवस्थापकांचे नाव येथे देत नाही. त्यांना नोंदणीकृत टपालाने स्वतंत्र कळवले आहे. त्यांनी चहा मागवला, खुर्च्या पुसून घेतल्या आणि ग्रेसबाईंना ‘मॅडम’ म्हणून आदराने वागवले. माणूस वाईट नाही. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण या प्रकरणात वाईट माणूस मला शेवटपर्यंत सापडला नाही.

मी विचारले, “या खेपेतही दादरच आहे?”

“एक नंबर दादर, भाऊ. हात घालून बघा.”

“ती पाऊस सरल्यावर पेरायची, हे कुठे लिहिलं आहे?”

“भाऊ, धुळे जिल्ह्यात हे कोणाला लिहून सांगायचं?”

“गोण्या धुळे जिल्ह्यात राहणार नाहीत.”

मी म्हणालो, प्रत्येक गोणीत एक चिठ्ठी टाका, मजकूर मी देतो. ते म्हणाले, करारात चिठ्ठी नाही. करारात नसलेली वस्तू गोणीत निघाली तर माल अडतो. मी म्हणालो, मग करार करणाऱ्यांना विचारा. त्यांनी माझ्यासमोर दिल्लीला दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, की मागणी ज्वारीची होती आणि पुरवठा ज्वारीचा झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे. मी नोकरीत अशी बिनचूक उत्तरे टाचणी लावून फायलीत ठेवली आहेत आणि त्यांच्या खाली माणसे दबलेली पाहिली आहेत.

तेव्हा व्यवस्थापकांनी ड्रॉवर उघडला. “आणि काही सांगायचंच असतं, तर मागच्या खेपेबरोबर पत्र होतं की. दोन पानांचं. यंदाही तेच जोडलंय.” त्यांनी प्रत माझ्यापुढे केली.

मी खिसा चाचपला. ग्रेसबाईंनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचू लागल्या.

तापीच्या काठावरील श्रमिक हातांनी हे दाणे पिकवले आहेत, असे ते पत्र सांगत होते. दोन प्राचीन भूमींना जोडणारा समुद्र, भुकेला नसलेली सीमा, मातीला नसलेली जात यांविषयी त्यात उत्तम वाक्ये होती. कुठेही व्याकरणाची चूक नव्हती. पहिले पान संपले, दुसरे सुरू झाले, दुसरे संपत आले. मी वाट पाहत होतो. पेरणीचे एक वाक्य येईल म्हणून नव्हे, कारण ते येणार नाही हे मला माहीत होते. ते पत्र मी लिहिले होते. खाली सही संस्थेच्या अध्यक्षांची असली, तरी शब्द न् शब्द माझा होता.

“हे मी लोकांना झाडाखाली वाचून दाखवलं होतं,” ग्रेसबाई कागद खाली ठेवत म्हणाल्या. “टाळ्या वाजवल्या होत्या सगळ्यांनी. फार सुंदर पत्र आहे. कोणी लिहिलं?”

“भाऊंनीच की. पूर्ण जिल्ह्यात असं इंग्रजी कोणाचं आहे?” व्यवस्थापक मराठीत म्हणाले, कौतुकाने.

ग्रेसबाईंना मराठी येत नव्हते. भाषांतर करणारा मी एकटाच होतो. न केले असते तरी चालले असते. मी केले.

माझे वडील दादर पेरत. दसऱ्याला तिफणीमागे मी चाललो आहे, थंडीत मचाणावर बसून पाखरे हाकली आहेत. दादर कधी पेरतात हे मला सही करता येण्याआधी ठाऊक होते. दोन पाने लिहिली आणि त्यात ते आले नाही, कारण नानांना जे वाटले तेच मलाही वाटले: एवढे काय सांगायचे. मी वही काढली आणि चौथ्या ओळीत, अक्षर न दिसता, माझे नाव लिहिले.

ग्रेसबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्यांनी एवढेच विचारले, “मग मला तो कागद तुम्ही लिहून द्याल?”

मी देईन म्हणालो. परंतु एका निवृत्त कारकुनाच्या सहीला त्यांच्या गावात कोण विचारणार? मी व्यवस्थापकांनाही सही करण्याची विनंती केली. त्यांनी पेन उघडले, पुन्हा बंद केले. “भाऊ, मी लिहून दिलं तर ते माझ्यावर येईल.”

“ते आलेलंच आहे,” मी म्हणालो. “आता ते कोण उचलतो एवढंच उरलं आहे.” त्यांनी उचलले नाही.

पिंपळनेरच्या पुढे, बुधवार

युनूसभाई जेवताना म्हणाले, की पावसात टिकणारी तांबडी ज्वारी डोंगराकडच्या घरांत अजून पेरतात. पिंपळनेरच्या बाजारात विचारू. ग्रेसबाईंना ते पाहायचेच होते. साक्री मागे पडली, तशी काळी जमीन संपली, मुरूम आला, मग चढ. पिंपळनेरला एका बियाणे दुकानदाराने वाट सांगितली, आणि दुपारी आम्ही सोमीबाईंच्या दारात उभे होतो.

सोमीबाई सत्तरीच्या असाव्यात. घर कुडाचे, शेणाने सारवलेले; आढ्याला वाळलेले दुधी भोपळे टांगलेले आणि त्यांत राख मिसळून ठेवलेले बी. घरात त्या आपली बोली बोलत. आमच्याशी बाजारची, खानदेशी मिसळलेली. ती मी सोपी करून देतो.

त्यांनी एक भोपळा उतरवून मूठभर तांबडे दाणे फडक्यात काढले आणि फडके स्वतःच्या मांडीवर ठेवले. ग्रेसबाईंनी हात पुढे केला. सोमीबाईंनी फडके दिले नाही.

“आधी ऐक,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पावसाला नको. जमीन तापलेली असते. दुसऱ्या पावसाला. उताराच्या अंगाने, सपाटीला नाही. दाटी झाली तर उपट, माया करू नको. आता तू सांग.”

मी भाषांतर केले. ग्रेसबाईंनी इंग्रजीत पुन्हा सांगितले. मी ते सोमीबाईंना सांगू लागलो, तर त्यांनी मला हाताने थांबवले.

“तुम्ही नाही हो आबा. पेरायचं तिला आहे. तिच्या तोंडून येऊ दे.”

मग त्या बाईंनी एकेक शब्द सांगितला आणि ग्रेसबाईंनी तो एकेक म्हटला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा अर्धा आला. तिसऱ्यांदा सबंध आला, तेव्हा कुडाआडून कोणीतरी हसले आणि सोमीबाईंनी फडक्याला गाठ मारून ते त्यांच्या हातात दिले. लेकीला दिले, शेजारणीला दिले, तरी या घरातून बी असेच जाते. ऐकून म्हणून दाखवले नाही, तर बी निघत नाही.

“आणि तुम्ही लोकांनी हिला बी दिलं,” सोमीबाईंनी मला विचारले, “तेव्हा काय सांगितलं होतं?”

“दोन पानं,” मी म्हणालो.

“मग पेरलं कसं चुकीचं हिने?”

ग्रेसबाईंनी विचारले, त्या काय म्हणाल्या. तेही मी सांगितले.

पिंपळनेरला परत येऊन चहाच्या टपरीवर मी मजकूर सांगायला बसलो आणि ग्रेसबाई लिहायला. माझे पहिले वाक्य पूर्ण होण्यापूर्वी त्यांनी पेन उचलले. “छोटं,” त्या म्हणाल्या. “झाडाखाली वाचायचं आहे.” शेवटी जे राहिले ते असे:

“गेल्या वर्षी आलेले बियाणे जिवंत होते. ते पावसाळ्याचे नव्हते. पाऊस संपल्यावर, ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीतच ते पिकते. हे आम्हाला माहीत होते आणि आम्ही सांगितले नाही. तुम्ही नीट पेरले. ग्रेसबाईंनी खोटे सांगितले नाही.”

उभ्या आयुष्यात मी लिहिलेल्या कागदांत हा सर्वांत लहान असावा.

धुळे, गुरुवार

ट्रक भरले जात होते. मी अर्ज दिला: प्रत्येक गोणीत हा मजकूर जावा, अन्यथा माल थांबवावा. अर्जावर तत्काळ पोचेचा शिक्का मिळाला. शिक्का वाळण्यापूर्वी पहिला ट्रक फाटकाबाहेर पडला. व्यवस्थापकांनी तो जाताना पाहिला नाही. ते फायलीत काहीतरी शोधत होते.

आणखी एक अप्रिय काम माझ्याकडे होते. रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय बियाणे सामानातून परदेशी नेता येत नाही. नियम योग्य आहे. दाखला मिळायला जे दिवस लागतात ते ग्रेसबाईंकडे नव्हते. मी हे सांगितले. त्यांनी कमरेचे फडके सोडले, दाणे एकदा पाहिले आणि गाठ पुन्हा मारून माझ्या हातात दिले.

“शब्द नेता येतात ना?” त्यांनी विचारले.

त्याला कोणताही नियम आड येत नाही, असे मी म्हणालो. गाडीत जळगावपर्यंत त्या ओठांत पुटपुटत होत्या. दुसऱ्या पावसाला. उताराच्या अंगाने. माया करू नको.

आम्ही बियाणे पाठवले आणि सांगणे इथे ठेवून घेतले. त्या सांगणे घेऊन गेल्या आणि बियाणे इथे राहिले. दोन्ही वेळा सर्व कागद नियमानुसार होते.

त्या गेल्या, त्यांच्यासोबत माझ्या एकट्याच्या सहीचा तो कागद गेला. दगडूनाना चष्मा द्यायला आले, तेव्हा त्यांनी त्या कागदाच्या माझ्याकडच्या प्रतीवर अंगठा उमटवला आणि शेजारी आपले नावही लिहिले. म्हणजे दोन.

हे लिहीत असताना गोण्या बंदरात आहेत. जहाज लागायचे आहे. म्हणून वर नोंदवलेल्या तीन पक्षांना, दिल्लीच्या खरेदी कार्यालयाला, प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि धुळ्याच्या व्यवस्थापकांना, मी विचारतो: ही ज्वारी पाऊस सरल्यावर पेरायची असते, हे तुम्हाला ठाऊक होते की नव्हते? ठाऊक नसेल, तर ती खरेदी करण्याचा, प्रमाणित करण्याचा आणि भरण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ठाऊक असेल, तर गोणीवर एक ओळ का नाही? चौथ्या जबाबदाराचे उत्तर वर आलेले आहे: मला ठाऊक होते, मी लिहिले नाही, चूक माझी.

उरलेल्या तिघांकडून पोच नको. उत्तर हवे, आणि ते माझ्या घरी बंद पाकिटात नको. हा मजकूर जिथे छापला जाईल, तिथेच, नावानिशी, जहाज सुटण्यापूर्वी द्यावे.